डबल क्लिक केलेली स्क्रिप्ट उघड्या व्हीएस कोडमध्येच यावी म्हणून

“सर, मी तीसचे पस्तीस केले, सेव्हही केलं, तरी उत्तर जुनंच येतंय.”

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर व्हीएस कोडची (व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड लिहायच्या एडिटरची) विंडो, त्यात गुण.पीवाय ही फाइल, सातव्या ओळीत पासिंगचे गुण ३५. सगळं बरोबर. मग खाली टास्कबारवरच्या निळ्या चिन्हावर माउस नेला, तर चार छोटी चित्रं वर आली. व्हीएस कोडच्या चार विंडो. त्यातल्या दोनमध्ये गुण.पीवाय याच नावाची फाइल उघडी होती. एक डी ड्राइव्हवरच्या तिच्या फोल्डरमधली, दुसरी डाउनलोड्समधली. बदल ती एकीत करत होती आणि चालवत होती दुसरी. अर्धा तास त्यात गेला होता, आणि आपल्यालाच पायथन जमत नाही असं तिला वाटायला लागलं होतं.

हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नव्या बॅचला पहिल्याच दिवशी मी डबल क्लिक केलेली फाइल नव्या विंडोत न जाता उघड्या विंडोतच यावी असं सेटिंग करून देतो. पायथन शिकणाऱ्याने पायथनशी झगडावं, विंडोंशी नाही. खाली लिहिलेलं सगळं विंडोजवरच्या व्हीएस कोडला आणि पायथनच्या स्क्रिप्टला धरून आहे. जावास्क्रिप्ट, आर किंवा इतर कुठल्याही स्क्रिप्टला तेच लागू पडतं. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. व्हीएस कोडचे मेनू इंग्रजीत असतात, मी ते देवनागरीत लिहिलेत. सर्चमध्ये किंवा टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या चौकटीत) टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

नवी विंडो उघडली तर बिघडतं कुठे?

पहिली गोष्ट नावांची. एकाच विंडोत सारख्या नावाच्या दोन फाइली उघडल्या की व्हीएस कोड टॅबवर नावाशेजारी फोल्डरचं नावही दाखवतो. त्यामुळे ही डाउनलोड्समधली आणि ती माझी, हे नजरेला कळतं. वेगवेगळ्या विंडोंत उघडल्या तर टॅबवर नुसतं गुण.पीवाय दिसतं. त्या मुलीची चारही टॅब एका विंडोत असती तर तिचं तिलाच सापडलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्क्रिप्ट सहसा एकटी नसते. तिच्या शेजारी सीएसव्ही फाइल असते, दुसरं मॉड्यूल असतं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे त्या कामापुरत्या पायथन पॅकेजांचं, फोल्डर असतं. व्हीएस कोडमध्ये फोल्डर उघडलेलं असलं की टर्मिनल त्या फोल्डरमध्ये सुरू होतं, म्हणून ‘गुण.सीएसव्ही उघड’ असं लिहिलं की ती फाइल सापडते. तीच स्क्रिप्ट फोल्डर नसलेल्या रिकाम्या विंडोत एकटी आली की टर्मिनल तुमच्या होम फोल्डरमध्ये सुरू होतं आणि लाल अक्षरांत फाइलनॉटफाउंडएरर येतो. फाइल तर समोर दिसते आहे! पण चालवणारा उभा आहे दुसऱ्याच खोलीत.

तिसरी गोष्ट मेमरीची. व्हीएस कोडची प्रत्येक विंडो आपल्या एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, वेगळ्या चालवते. पायथनची एक्स्टेंशन असेल तर कोड तपासणारा तिचा भागही प्रत्येक विंडोत पुन्हा सुरू होतो. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर ते जाणवणार नाही. चार जीबीच्या जुन्या मशीनवर चौथ्या विंडोला माउससुद्धा अडखळतो.

तेव्हा आपल्याला हवंय ते एवढंच: स्क्रिप्टवर डबल क्लिक केलं की तिचं फोल्डर ज्या विंडोत उघडं आहे त्या विंडोत ती यावी. नुसतं ‘कुठल्याही जुन्या विंडोत’ येऊन अर्धंच काम होतं.

डबल क्लिक केल्यावर आत काय घडतं

हे दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढे अंदाजाने बटणं दाबायची वेळ येणार नाही.

डबल क्लिक झालं की विंडोज आधी फाइलच्या नावाचं शेपूट बघतं, म्हणजे .पीवाय. या शेपटासाठी कुठला प्रोग्राम ठरवून दिलाय ते शोधतं आणि त्या प्रोग्रामला फाइलचा पत्ता देऊन सुरू करतं. तो प्रोग्राम व्हीएस कोड असेल तर क्षणभर एक नवा व्हीएस कोड खरोखरच सुरू होतो. सुरू होताच तो विचारतो, ‘माझ्या आधी कोणी चालू आहे का?’ असेल तर फाइलचा पत्ता त्याच्या हाती देऊन हा नवा गुपचूप बंद होतो. पुढे ती फाइल कुठल्या विंडोत दाखवायची हे आधीपासून चालू असलेला व्हीएस कोड ठरवतो. त्यासाठी तो सेटिंग बघतो आणि ती फाइल विश्वासातल्या फोल्डरमधली आहे का तेही बघतो.

म्हणजे घोळ चारच ठिकाणी होऊ शकतो. विंडोजने भलताच प्रोग्राम निवडला. नव्या आणि जुन्या व्हीएस कोडची भेटच झाली नाही. सेटिंगमध्ये नवी विंडो सांगितलेली आहे. किंवा विश्वासाच्या तपासणीत फाइल बाहेर काढली गेली. याच क्रमाने तपासा. क्रम बदललात तर एक दुरुस्त होईल, दुसरं तसंच राहील आणि काय उपयोगी पडलं ते कळणार नाही.

आधी एक चाचणी तयार ठेवा

डी ड्राइव्हवर ‘चाचणी’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात एका ओळीची पायथन फाइल ठेवा. व्हीएस कोडच्या सगळ्या विंडो बंद करा. एकच विंडो उघडा, ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन फोल्डर’ घ्या, ‘चाचणी’ निवडा. लेखकांवर विश्वास आहे का असं विचारलं तर हो म्हणा, फोल्डर तुमचंच आहे. आता विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये जाऊन त्या फाइलवर डबल क्लिक करा आणि काय होतं ते नीट बघा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हेच करायचं. दुसरी एक फाइल डेस्कटॉपवर ठेवा, फोल्डरबाहेरची म्हणून. तिचा उपयोग नंतर होईल.

पहिली जागा: विंडोज कुणाला हाक मारतंय

डबल क्लिक केल्यावर काळी विंडो चमकून नाहीशी झाली, तर फाइल उघडलीच नाही, ती चालली. पायथन इन्स्टॉल करताना .पीवाय फाइली पायथनच्या लाँचरला जोडल्या जातात, म्हणून असं होतं. नोटपॅड किंवा दुसरा एडिटर उघडला तरी दोष इथेच आहे.

फाइलवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘जनरल’ टॅबवर ‘ओपन्स विथ’ समोर आत्ता ठरलेल्या प्रोग्रामचं नाव दिसतं. शेजारच्या ‘चेंज’ बटणातून व्हिज्युअल स्टुडिओ कोड निवडा. राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’ या वाटेनेही जाता येतं, पण तिथे विंडोज १० मध्ये ‘नेहमी हेच ॲप वापरा’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागते आणि विंडोज ११ मध्ये ‘ऑलवेज’ हे बटण दाबावं लागतं. बरेच जण ‘जस्ट वन्स’ दाबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं म्हणतात.

यादीत व्हीएस कोड नसेल तर ‘चूज ॲन ॲप ऑन युअर पीसी’ घेऊन हाताने शोधावा लागतो. फक्त तुमच्या युजरसाठी इन्स्टॉल केला असेल तर तो तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, मायक्रोसॉफ्ट व्हीएस कोड या वाटेवर असतो. ॲपडेटा हे फोल्डर लपलेलं असतं, त्यामुळे आधी ‘व्ह्यू’मधून लपलेली फोल्डरं दिसतील असं करा. सगळ्यांसाठी इन्स्टॉल असेल तर प्रोग्राम फाइल्समध्ये बघा. तिथे पोचल्यावर निळं चिन्ह असलेली कोड.ईएक्सई निवडा. आतल्या ‘बिन’ फोल्डरमध्येही कोड नावाची एक फाइल असते, ती टर्मिनलसाठी आहे, तिला जोडलंत तर प्रत्येक वेळी काळी विंडोही उघडेल.

हे करताना एका गोष्टीत माझं ऐकाच. .बॅट आणि .सीएमडी या फाइलींची जोडणी बदलू नका. विंडोजमधले कितीतरी प्रोग्राम त्या चालवण्यासाठीच वापरतात. जावास्क्रिप्टच्या .जेएस फाइलींचं मात्र उलट आहे. साध्या विंडोजवर .जेएस फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज स्क्रिप्ट होस्ट ती सरळ चालवतो, आणि मेलमधून आलेले व्हायरस याच वाटेने आत शिरतात. त्या फाइली एडिटरला जोडणं हा तुमच्या मशीनवर केलेला उपकारच आहे.

रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, जाऊन ही जोडणी बदलायचा सल्ला कुणी दिला तर त्या वाटेला जाऊ नका. विंडोज ८ पासून तुमच्या निवडीसोबत एक सांकेतिक खूणही साठवली जाते. हाताने बदल केला की ती खूण जुळत नाही आणि विंडोज तो बदल मानत नाही.

दुसरी जागा: दोघांची भेट होते का

जोडणी बरोबर आहे, व्हीएस कोडच उघडतो, पण अगदी वेगळा. थीम वेगळी, एक्स्टेंशन गायब, किंवा चेतावणीची चौकट येते. असं असेल तर नव्या आणि जुन्याची भेट होत नाहीये.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण ॲडमिनिस्ट्रेटर. एखादं पॅकेज इन्स्टॉल होत नव्हतं म्हणून कधीतरी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलेलं असतं. ॲडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रामला साध्या प्रोग्रामने निरोप देऊ नये अशी विंडोजची सुरक्षा आहे. डबल क्लिक तर साध्या युजरचं असतं, त्यामुळे त्याचा निरोप पोचत नाही. ओळखायचं कसं? व्हीएस कोडच्या वरच्या पट्टीत नावाशेजारी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द दिसतो. दिसला तर सगळ्या विंडो बंद करून साध्या पद्धतीने उघडा. प्रत्येक वेळी आपोआप ॲडमिन होत असेल तर शॉर्टकटवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कंपॅटिबिलिटी’ टॅब, तिथली ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ ही खूण काढून टाका. कोड.ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्येही तीच खूण तपासा. पायथन शिकायला आणि पॅकेज घालायला ॲडमिन लागत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरलं की तो प्रश्नच मिटतो.

दुसरं कारण एकाच मशीनवर दोन व्हीएस कोड. एक सगळ्यांसाठीचा, एक एकट्या युजरसाठीचा, किंवा एक नेहमीचा आणि दुसरा हिरव्या चिन्हाचा इनसायडर्स. इनसायडर्स तर पूर्ण स्वतंत्र प्रोग्राम आहे, त्याची सेटिंगही वेगळी. आणि दोन नेहमीचे असले तरी त्यांचे आवृत्ती क्रमांक जुळत नसतील तर ते एकमेकांना ओळखत नाहीत. टास्कबारवरून उघडता एक आणि डबल क्लिक जातं दुसऱ्याकडे. ‘हेल्प’ मेनूतलं ‘अबाउट’ उघडा. तिथे आवृत्तीसोबत ‘युजर सेटअप’ आहे की ‘सिस्टिम सेटअप’ हे लिहिलेलं असतं. टास्कबारवरून उघडलेल्या विंडोत बघा, मग डबल क्लिकने उघडलेल्या विंडोतही बघा. वेगळं दिसलं तर कंट्रोल पॅनेलमधून त्यातला एक काढून टाका. माझ्या मते घरच्या मशीनवर युजर सेटअप ठेवावा, कारण तो ॲडमिनचा पासवर्ड न मागता अपडेट होतो.

टास्क मॅनेजरमध्ये एकाच विंडोसाठी व्हीएस कोडच्या आठ-दहा ओळी दिसल्या तर घाबरू नका. तो आतून अनेक प्रोसेसमध्येच चालतो. त्या मोजून काही निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरी जागा: सेटिंग

कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबा, किंवा ‘फाइल’, ‘प्रेफरन्सेस’, ‘सेटिंग्ज’ असं जा. वरच्या शोधाच्या चौकटीत ‘ओपन फाइल्स इन न्यू विंडो’ टाइप करा. ‘विंडो’ गटातलं याच नावाचं सेटिंग समोर येईल. त्याला तीन पर्याय आहेत: ऑन, ऑफ, डिफॉल्ट.

‘ऑन’ असेल तर प्रत्येक फाइल नव्या विंडोत जाते. ‘ऑफ’ असेल तर फाइलचं फोल्डर ज्या विंडोत उघडं आहे तिथे जाते, तसं फोल्डर कुठेच उघडं नसेल तर शेवटी वापरलेल्या विंडोत. आपल्याला हवं ते नेमकं हेच. ‘डिफॉल्ट’ असेल तर विंडोजवर व्हीएस कोडच्या बाहेरून, म्हणजे डबल क्लिकनेही, उघडलेली फाइल नव्या विंडोत जाते, आणि मॅकवर फाइंडरमधून किंवा डॉकवरून उघडलेली. गंमत म्हणजे मूळ निवड ‘डिफॉल्ट’ नसून ‘ऑफ’ असते. म्हणजे ‘ऑन’ किंवा ‘डिफॉल्ट’ दिसलं तर ते कुणीतरी, कधीतरी बदललेलं आहे. ‘ऑफ’ करा. व्हीएस कोड बंद करून उघडायची गरज नाही, लगेच चाचणी घ्या.

शेजारीच ‘ओपन फोल्डर्स इन न्यू विंडो’ आहे. त्याला हात लावू नका असंच मी सांगेन. तेही ‘ऑफ’ केलंत तर एक्सप्लोररमधून दुसरं फोल्डर उघडताच चालू विंडोतलं फोल्डर जाऊन त्याजागी नवं येतं. नवख्या माणसाला वाटतं आपलं काम पुसलं गेलं. फोल्डरांसाठी वेगळी विंडो असणं योग्यच आहे. एक फोल्डर, एक विंडो. तेच फोल्डर पुन्हा उघडलं तर व्हीएस कोड नवी विंडो न काढता आधीची विंडो पुढे आणतो.

‘रिस्टोअर विंडोज’ हे तिसरं सेटिंग मात्र जरूर बघा. सकाळी मशीन सुरू केलं, व्हीएस कोड बंद आहे, आणि पहिलंच काम म्हणून स्क्रिप्टवर डबल क्लिक केलं. मूळ निवड ‘ऑल’ आहे, पण ती कालच्या विंडो परत आणते ते व्हीएस कोड नुसता उघडला तर. फाइल देऊन उघडला की कालच्या विंडो येत नाहीत, ती फाइल एकटीच रिकाम्या विंडोत येते. मग टर्मिनल होम फोल्डरमध्ये, आणि पुन्हा तोच फाइलनॉटफाउंडएरर. इथे ‘प्रिझर्व्ह’ निवडलंत तर कालच्या विंडो आधी परत येतात आणि फाइल त्यांच्यातल्याच एकीत बसते. डबल क्लिकची सवय असलेल्यांसाठी मला हे सगळ्यात उपयोगी सेटिंग वाटतं, आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

चौथी जागा: विश्वासाची तपासणी

गेल्या वर्षी एका मशीनवर मी तासभर अडकलो होतो. जोडणी बरोबर, ॲडमिन नाही, व्हीएस कोड एकच, सेटिंग ‘ऑफ’. फोल्डरमधली फाइल मुकाट्याने आपल्या विंडोत येत होती. पण डेस्कटॉपवरची फाइल दर वेळी नव्या विंडोत. शेवटी त्या नव्या विंडोकडे नीट पाहिलं. वरती आडवी पट्टी होती आणि डाव्या कोपऱ्यात खाली लिहिलं होतं ‘रिस्ट्रिक्टेड मोड’.

२०२१ मध्ये व्हीएस कोडमध्ये ‘वर्कस्पेस ट्रस्ट’ आलं. त्यामुळे त्याआधीच्या सूचना वाचून हे कारण सापडत नाही. विश्वास ठेवलेल्या फोल्डरच्या विंडोत बाहेरची फाइल आली की व्हीएस कोड थांबून विचारतो, ही फाइल इथे उघडू का? ‘ओपन’ म्हटलं तर त्याच विंडोत उघडते. ‘ओपन इन रिस्ट्रिक्टेड मोड’ म्हटलं तर ती नव्या विंडोत जाते, आणि तिथे पायथन चालवताही येत नाही. त्याच चौकटीत हा निर्णय कायम लक्षात ठेवायची खूण असते. एखाद्याने घाईत ती खूण करून दुसरं बटण दाबलं, की पुढे तो प्रश्न येतच नाही, प्रत्येक बाहेरची फाइल नव्या विंडोत जाते.

दुरुस्ती सोपी आहे. सेटिंग्जमध्ये ‘अनट्रस्टेड फाइल्स’ शोधा. ‘न्यू विंडो’ असेल तर ते ‘प्रॉम्प्ट’ करा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या त्या दुसऱ्या फाइलने चाचणी घ्या. आता प्रश्न येईल, ‘ओपन’ म्हणा, फाइल उघड्या विंडोत येईल.

तिसरा पर्याय ‘ओपन’ आहे, तो निवडला की न विचारता सगळं उघडतं. लॅबमध्ये मी तो ठेवत नाही. एक्स्टेंशन फाइलीतलं किंवा फोल्डरमधलं काही आपोआप चालवू शकतात, म्हणून तर ही तपासणी आली. व्हॉट्सॲपवर आलेली स्क्रिप्ट कुणी लिहिली ते आपल्याला माहीत नसतं. त्यापेक्षा डाउनलोड झालेली फाइल आधी आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये हलवा, तिथून उघडा. प्रश्नही येणार नाही आणि डाउनलोड्समधली जुनी प्रत मागे राहून गोंधळही होणार नाही. त्या मुलीच्या बाबतीत खरी चूक इथेच झाली होती.

तरीही फाइल गायब झाल्यासारखी वाटते?

सगळं नीट झाल्यावर एक नवी तक्रार येते: ‘दुसरी फाइल उघडली की पहिली जाते.’ ती जात नाही. व्हीएस कोडच्या डाव्या यादीत फाइलवर एकदा क्लिक केलं की ती झलक म्हणून उघडते, टॅबवर तिचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं, आणि पुढच्या फाइलीवर क्लिक केलं की तोच टॅब तिला मिळतो. दोनदा क्लिक केलं किंवा फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तर टॅब कायम राहतो. हे नकोच असेल तर सेटिंग्जमध्ये ‘एनेबल प्रिव्ह्यू’ शोधून वरची खूण काढा.

आणि कधी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) किंवा दूरच्या सर्व्हरला जोडलेल्या विंडोत काम करत असाल, तर विंडोजवरची फाइल वेगळ्या विंडोत उघडणं साहजिक आहे. ती विंडो दुसऱ्याच यंत्राची आहे. तिथे सेटिंग बदलून काही होणार नाही.

टर्मिनलवाल्यांसाठी

टर्मिनलमध्ये ‘कोड’ लिहून पुढे जागा सोडून फाइलचं नाव दिलं तरी हेच नियम लागू होतात. सेटिंग काहीही असलं तरी शेवटच्या विंडोतच हवी असेल तर मध्ये ‘-आर’ लिहा, मुद्दाम नवी हवी असेल तर ‘-एन’. एररमध्ये ओळ क्रमांक दिला असेल तर ‘-जी’ लिहून फाइलच्या नावानंतर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि तो क्रमांक द्या, कर्सर थेट त्या ओळीवर जातो. मी सगळ्यात जास्त वापरतो ते मात्र ‘कोड’ आणि नुसता पूर्णविराम: ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते फोल्डर उघडतं. दिवसाची सुरुवात याने केलीत तर नंतरच्या डबल क्लिकांना आपोआप घर सापडतं.

टर्मिनल नको असेल तर उघड्या व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि आर दाबा, अलीकडची फोल्डरं समोर येतात. फोल्डर उघडल्यावर कंट्रोल आणि पी दाबून नावाची दोन अक्षरं टाइप केली की फाइल येते. याची सवय झालेली मुलं महिन्याभरात डबल क्लिक विसरतात.

मॅक, लिनक्स आणि इतर प्रोग्राम

मॅकवर फाइल निवडून कमांड आणि आय दाबा, ‘ओपन विथ’मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड निवडा आणि ‘चेंज ऑल’ दाबायला विसरू नका, नाहीतर बदल त्या एकाच फाइलपुरता राहतो. वर सांगितलेलं सेटिंग ‘डिफॉल्ट’ नव्हे, ‘ऑफ’ हवं. लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीजमधून ‘ओपन विथ’ घेऊन व्हीएस कोड कायमचा ठरवून द्या. बाकी सगळं तेच.

नोटपॅड++ वापरत असाल तर ‘सेटिंग्ज’, ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘मल्टी-इन्स्टन्स’चा भाग आहे, तिथे मूळचा एकाच विंडोचा पर्याय ठेवा. स्पायडरमध्ये ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘ॲप्लिकेशन’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूज अ सिंगल इन्स्टन्स’ अशी खूण असते. आरस्टुडिओमध्ये प्रोजेक्टची .आरप्रोज फाइल उघडली की स्वतंत्र सत्र सुरू होतं, तो बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे. मॅटलॅबमध्ये ‘ओपन विथ’मधून हाताने प्रोग्राम निवडला तर .एम फाइल दर वेळी नवं मॅटलॅब सुरू करू शकते, आणि त्या नव्यात तुमच्या आधीच्या वर्कस्पेसमधलं एकही व्हेरिएबल नसतं. तिथे फाइल ओढून चालू मॅटलॅबच्या एडिटरवर सोडणं हा सगळ्यात बिनधोक मार्ग. पायथनसोबत येणाऱ्या आयडलमध्ये ‘एडिट विथ आयडल’ केलं की दर वेळी नवं आयडल सुरू होतं, त्याला सेटिंग नाही. उघड्या आयडलच्या ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन’ घ्यायचं.

लॅबमध्ये वीस मशीन असतील तर

सगळीकडे माउसने फिरत बसायची गरज नाही. एका मशीनवर वरची तीन सेटिंग नीट करा: फाइलींसाठी ‘ऑफ’, विंडो परत आणण्यासाठी ‘प्रिझर्व्ह’, अनोळखी फाइलींसाठी ‘प्रॉम्प्ट’. ही निवड सेटिंग्ज.जेसन या एका साध्या फाइलमध्ये साठते. ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, रोमिंग, कोड, युजर या वाटेवर असते. पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवर त्याच जागी ठेवा. त्या मशीनवरची जुनी फाइल आधी बाजूला ठेवा, कुणाची वेगळी सेटिंग असू शकतात.

डबल क्लिकची जोडणी मात्र अशी नेता येत नाही. सांकेतिक खुणेचं वर सांगितलंच आहे. ती प्रत्येक मशीनवर, प्रत्येक युजरच्या लॉगिनमध्ये एकदा हाताने केलेली बरी. आम्ही ते मुलांकडूनच करून घेतो. पहिल्या तासाला प्रत्येकाने आपलं फोल्डर बनवायचं, त्यात एक फाइल ठेवायची, प्रॉपर्टीजमधून जोडणी करायची आणि डबल क्लिक करून शेजाऱ्याला दाखवायचं की विंडो एकच राहिली.